राजवाड्याबाहेरचे तंजावर

स्वतःच्या गावावर कादंबरी लिहावी की नाही, असा प्रश्न तंजावरच्या मराठी लेखकापुढे आला की त्याला हमखास चार सल्ले मिळतात. आपले गाव फार जवळचे असते, म्हणून ते नीट दिसत नाही. नातेवाईक ओळखू येतात आणि भांडणे होतात. खरे गाव कल्पनेचे पाय बांधते, तेव्हा एखादे काल्पनिक गाव रचावे. चौथा सल्ला सर्वांत ठामपणे दिला जातो: तंजावरवर मराठीत लिहायचेच असेल तर भोसले राजांवर लिहावे, कारण राजवाडा सोडला तर उरलेले तंजावर तमिळ आहे आणि तिथे मराठी कादंबरीला काम नाही. पहिले तीन सल्ले अर्धवट विचारातून आलेले आहेत. चौथा मात्र साडेतीनशे वर्षे नांदत आलेली घरे एका वाक्यात पुसून टाकतो. म्हणून आधी त्याचाच समाचार घ्यायला हवा.

व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले ते सतराव्या शतकाच्या शेवटच्या पावात. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी पुरुष वारसाशिवाय वारले आणि कंपनी सरकारने गादी संपवली. राजवाड्याच्या कैवाऱ्यांची गोष्ट इथे संपते. पण गादी गेली म्हणून माणसे उठून महाराष्ट्रात परतली नाहीत. कारकुनांची, कीर्तनकारांची, आचाऱ्यांची, शिलेदारांची घरे कावेरीच्या खोऱ्यातच राहिली. त्यांच्या नावातला ‘राव’ तमिळ शेजाऱ्यांच्या तोंडी ‘रायर’ झाला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमला जन्मले, ते याच समाजात. मराठी कीर्तनाच्या वळणावर तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला रूप दिले. त्या हरिकथेत साकी, दिंडी आणि ओवी ही नावे आजही चालतात. महाराष्ट्रातल्या श्रोत्याला ती ऐकून आपल्याच घरी आल्यासारखे वाटेल.

राजवाडासुद्धा या सल्ल्याच्या बाजूने साक्ष देत नाही. सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहिली ती मराठीत, पण कुरवंजी हा नाट्यप्रकार तमिळ. त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी जगाचा भूगोल सांगते. म्हणजे खुद्द राजाने मराठीला गावातल्या मातीचे भांडे दिले आणि त्यात युरोपापर्यंतचे जग भरले. राजवाडा आणि गाव यांच्यामध्ये जी भिंत आज उभी केली जाते, ती त्या राजाच्या लेखणीला माहीत नव्हती.

या सल्ल्याला खरे उत्तर एका तमिळ कादंबरीकाराने कधीच देऊन ठेवले आहे. ति. जानकीरामन (१९२१–१९८२) हे तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या देवंगुडीचे. त्यांची ‘मोगमुळ्’, म्हणजे मोहाचा काटा, ही कादंबरी कुंभकोणमच्या गल्ल्यांत घडते. तिथे बाबू कॉलेजात शिकतो, रंगण्णांकडे गाणे शिकतो आणि वयाने मोठ्या असलेल्या यमुनेवर जीव लावून बसतो. यमुनेचे वडील तमिळ ब्राह्मण जमीनदार, आई तंजावरची मराठी. या दुहेरी जन्मामुळे यमुनेचे लग्न जमत नाही. बघायला आलेले लोक परत जातात, घरातले धान्य आणि पैसा आटत जातो, आणि पाहुण्यांसमोर वाकणे तिला जमत नाही. तिच्या घरात सिंहासन नाही, तलवार नाही. मराठेपण आहे ते आईच्या माहेरात आणि गावाच्या कुजबुजीत. भोसल्यांच्या राज्याचा शेवट एका मुलीच्या मोडलेल्या सोयरिकीपर्यंत येऊन कसा पोचला, हे त्या कादंबरीत दिसते. १९९५ मध्ये तिच्यावर ज्ञान राजशेखरन यांनी चित्रपटही केला. शेजारच्या घरातली मराठी बाई तमिळ लेखकाला आपल्या गावात दिसली. ती दिसायला जागाच नाही असे मराठी लेखकाला बजावणे, हे त्या बाईवर आणि त्या लेखकावर सरळ अन्याय करणारे आहे.

आणखी एक दृश्य घ्यावे. बृहदीश्वराच्या देवळात प्राकाराच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले वंशाचे चरित्र कोरवले. देवनागरी अक्षरांच्या ओळीमागून ओळी दगडावर पसरत जातात. सहलीचे लोक त्यांच्यासमोरून निघून जातात. तंजावरच्या मराठी घरात वाढलेली मुलगी तिथे उभी राहते, तेव्हा तिची शाळा तमिळ किंवा इंग्रजी झालेली असते आणि देवनागरी तिला पुष्कळदा वाचता येत नाही. कोणी त्या ओळी मोठ्याने वाचून दाखवल्या तर त्यातले कितीतरी शब्द तिला आजीच्या बोलण्यातून ओळखीचे वाटतील. डोळ्यांना परकी आणि कानांना घरची, अशी ती भिंत आहे. ऐतिहासिक कादंबरी ही भिंत कोरणाऱ्या राजापाशी थांबते. भिंतीसमोरच्या मुलीपर्यंत पोचायला आजच्या गावाचीच कादंबरी लागते.

काल्पनिक गाव रचण्याचा सल्ला देणारे नेहमी मालगुडीचे नाव पुढे करतात. आर. के. नारायण यांनी १९३५ मध्ये ‘स्वामी अँड फ्रेंड्स’मध्ये ते गाव उभे केले, हे खरे. पण शरयू नदी, मेंपी टेकड्या, मार्केट रोड आणि कबीर स्ट्रीट एकदा ठरले की पुढच्या पुस्तकांत लेखकाला त्यांचेच ऐकावे लागले. मोकळीक म्हणून रचलेले गावही थोड्याच दिवसांत खऱ्या गावासारखे हट्टी होते, आणि त्या हट्टातच कादंबरीचा जीव असतो. तंजावरचा हट्ट पाण्याचा आहे. मेट्टूर धरण १९३४ मध्ये पुरे झाले. कावेरीच्या खोऱ्यासाठी त्याचे दरवाजे उघडण्याचा रिवाजाचा दिवस १२ जून. त्या दिवशी पाणी सुटले तर कुरुवै भाताची लावणी होते. धरणात साठा नसेल तर तारीख पुढे जाते आणि शेतकरी सांबा पिकावर भिस्त ठेवतो. गावातून जाणारा कालवा लोकांच्या तोंडी ‘पुदु आरु’, नवी नदी. तो कोरडा असेल तर घरातली बोलणीही कोरडी होतात: उधारी लांबते, मुलाची फी थकते, लग्न पोंगलनंतर ढकलले जाते. ज्या लेखकाने खरे तंजावर घेतले, त्याला जूनच्या मध्यावर नायिकेचे लग्न थाटात लावण्याआधी धरणाची पातळी विचारावी लागते. या विचारण्यातून जे प्रसंग सुचतात, ते मोकळ्या कल्पनेला सुचत नाहीत. कल्कींचे ‘पोन्नियिन सेल्वन’ (१९५०–५४) चोळ राजांवरचे, पण तेही आडी महिन्याच्या अठराव्या दिवशीच्या सणाला, भरून वाहणाऱ्या वीरनारायण तलावाच्या काठावर सुरू होते. कल्की मायवरमजवळच्या पुत्तमंगलमचे. राजांच्या गोष्टीलाही आरंभ मिळाला तो लेखकाच्या मुलखातल्या पाण्याच्या सणातून.

जवळचे गाव दिसत नाही, या आक्षेपाला जेम्स जॉईस पुरेसा आहे. त्रिएस्त, झुरिक आणि पॅरिसमध्ये बसून त्याने डब्लिनचा एक दिवस लिहिला, आणि एका घराच्या कठड्यावरून साध्या माणसाला खाली उतरता येईल का, हे मावशीला पत्राने विचारून घेतले. दूर राहणे आणि गाव सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नातेवाईक दुखावतात, कधी सारे गावही, हे मात्र खरे आहे. पेरुमाल मुरुगन यांच्या २०१० च्या ‘मादोरुबागन’ या कादंबरीत तिरुचेंगोडे हे गाव नावानिशी आले, २०१४ च्या अखेरीस निदर्शने पेटली आणि जानेवारी २०१५ मध्ये लेखकाने आपल्यातला लेखक मेल्याचे जाहीर केले. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने लेखकाच्या बाजूने निकाल दिला. ही किंमत मोठी आहे. पण ती पाहून गावाचे नाव आधीच खोडून ठेवा असे सांगणे म्हणजे दंगेखोराला हवे ते त्याने मागण्यापूर्वीच देणे.

भाषेचा आक्षेप या चौघांच्या आडून येतो: तंजावरी मराठी पुण्याच्या वाचकाला कळणार नाही. हा वाद मराठीत जुना आहे. प्रादेशिक कादंबरी निघाली तेव्हाही बोलीतले संवाद वाचकाला अडतील, शेवटी शब्दार्थांची यादी जोडावी, असे सांगणारे होतेच. ‘गारंबीचा बापू’ (१९५२) आणि ‘बनगरवाडी’ (१९५५) वाचताना वाचक अडला नाही. तंजावरच्या स्वयंपाकघरातली डांगर पचडी घ्यावी: भाजलेल्या उडदाचे पीठ, दही, वरून फोडणी. ‘डांगर’ हा शब्द महाराष्ट्रातल्या पानातही आहे. हा पदार्थ समजायला यादी लागत नाही, भूक पुरते. जी मराठी तमिळच्या शेजारी इतकी वर्षे राहूनही चुलीपाशी बोलली जाते, तिला बिघडलेली म्हणणे हा त्या चुलीचा अपमान आहे.

तेव्हा तंजावरच्या मराठी लेखकाने गावाचे नाव तंजावरच ठेवावे, मेल वीदी आणि तेर्कु वीदी त्यांच्या नावांनी याव्यात, पाण्याच्या तारखा खऱ्या असाव्यात. आजी तंजावरी मराठीत विचारते आणि नात तमिळमध्ये उत्तर देते, असा संवाद तसाच छापावा, त्यातले काहीही पुसून काढू नये. आणि पुस्तक दोनदा छापावे: महाराष्ट्रासाठी देवनागरीत, तंजावरच्या घरांसाठी तीच मराठी तमिळ लिपीत. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना एकच अक्षर आहे, त्यामुळे ‘गाव’ हा शब्द तिथे ‘काव’ असाच उमटेल. त्या घरांतला वाचक तो ‘गाव’ असाच वाचेल.