कोयता धरणारा हात गेल्यावर

दिवाळीच्या सुमाराला सोनपेठ तालुक्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या घरदार सोडून कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आणि ती फेडण्यासाठी पुढचा सगळा हंगाम. फडात अंगठा तुटला किंवा मोळी घेऊन फळीवरून घसरून कंबर मोडली, तर तो माणूस पुन्हा तोडीला जाऊ शकत नाही. उचल मात्र अंगावर तशीच राहते. अशा कामगाराला मदत नको, भरपाई हवी. ती त्याच्या धंद्याच्या मापाने ठरली पाहिजे आणि कारखान्याने दिली पाहिजे.

भरपाईचा कायदा 1923 चा होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता त्याच्या जागी आली, गाभा मात्र तोच राहिला. कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के घटली असे धरतात. पण अंगठ्याविना कोयता पकडणार कसा? सर्वोच्च न्यायालयाने प्रतापनारायण सिंह देव खटल्यात, डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या सुताराला पूर्ण अपंगत्वाचीच भरपाई दिली, कारण सुतारकाम एका हाताने होत नाही. हाच न्याय फडाला लावा. महिन्याची मजुरी 15,000 रुपये आणि वय 30 धरले, तर 1923 च्या कायद्याच्या सूत्राने पूर्ण अपंगत्वाचे 18 लाख 71 हजारांवर होतात. तक्त्यातल्या 30 टक्क्यांनी हातात येतात साडेपाच लाखांच्या आसपास. एका घराचे पुढचे सारे आयुष्य या फरकावर ठरते. जखमी कामगार दुसरे काम करील, असे कोणी म्हणेल. ज्याच्याकडे शिक्षण नाही, जमीन नाही, ज्याची सगळी कमाई अंगमेहनतीची, त्याला हे दुसरे काम नेमके कोण देणार?

कारखाने म्हणतात, तोडणारा आमचा नव्हे, मुकादमाचा. पण कोणता फड कधी तोडायचा हे कारखाना ठरवतो, तोडणीची स्लिप कारखान्याची, ऊस कारखान्याचा. कंत्राटदारामार्फत आपल्याच धंद्याचे काम करून घेणाऱ्या मूळ मालकाने भरपाई द्यावी आणि नंतर ती कंत्राटदाराकडून वसूल करावी, हे तत्त्व या कायद्यात पहिल्यापासून आहे. कामाची जागा कारखान्याच्या ताब्यात नव्हती, असा बचाव पुढे येईल. तोडणी कार्यक्रमाचे कागद त्याला उत्तर देतील. कामगाराच्या निष्काळजीपणाचे कारणही टिकत नाही, साध्या चुकीने हक्क जात नाही. खर्चाचीच चिंता असेल, तर दर टनामागे विम्याचा भार सोसणे कारखान्याला अशक्य नाही. मुकादमाची उचल बुडते, ही त्याची अडचण खरी आहे. पण ती जखमी माणसाच्या बायकोला किंवा पोराला कोयता धरायला लावून भागवता येणार नाही. कर्जापोटी माणसाला असे राबवणे 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे.

अपघात कोल्हापुरात झाला, तरी राहत्या ठिकाणच्या, म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या, भरपाईच्या सक्षम अधिकाऱ्यापुढे दावा लावता येतो. मुदत दोन वर्षांची आहे. त्यासाठी दवाखान्याचे कागद आणि उसाच्या स्लिपा जपून ठेवा, उचलीच्या करारावर अंगठा देताना त्याची प्रत मागून घ्या. गावातल्या शिकलेल्या पोरांनी असे दावे लिहून द्यायला पुढे यावे.