कोड येतो, साइट कोण सांभाळणार?

वेब डेव्हलपर म्हणून स्वतंत्र कामं घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींना सल्ला एकाच साच्यातला मिळतो. आधी रिअॅक्ट शिका, मग नेक्स्ट जेएस, चार नमुना प्रोजेक्ट करून पोर्टफोलिओ बनवा आणि अपवर्कवर प्रोफाइल टाका. हा सल्ला चुकीचा नाही, पण तो मुळात नोकरी शोधणाऱ्यासाठी आहे. कंपनीत सर्व्हर बघणारा वेगळा, करार करणारा वेगळा, क्लायंटशी बोलणारा वेगळा. फ्रीलान्सरला काम देणारा छोटा व्यावसायिक मात्र या सगळ्यांची अपेक्षा एकाच माणसाकडून करतो, आणि बहुधा ती बोलूनही दाखवत नाही. म्हणून माझं मत असं की आणखी एक फ्रेमवर्क शिकल्याने फ्रीलान्सरला मिळणारं काम फारसं वाढत नाही. चालू साइटची जबाबदारी घेता आली, तर ते वाढतं.

नुसता कोड स्वस्त होतो आहे, हे आता वेगळं सांगायला नको. कोड सुचवणारं गिटहब कोपायलट २०२२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. त्याआधीही पाच पानांची साइट वर्डप्रेसवर तयार थीम लावून दोन दिवसांत उभी राहत होती. जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक साइट आज वर्डप्रेसवरच चालतात. पण साइट उभी राहणं आणि चालत राहणं यांत अंतर आहे. थेट ग्राहकांकडून ऑर्डर घेणारा देवगडचा एखादा आंबा बागायतदार डोळ्यांसमोर आणा. त्याचा सगळा धंदा मार्च ते मे एवढ्या काळात होतो. एप्रिलमध्ये डोमेनची मुदत संपली, एखादा प्लगइन अपडेट झाल्यावर पेमेंटचं पान अडकलं, किंवा पैसे कापले गेले आणि ऑर्डर नोंदलीच गेली नाही, तर तो रिअॅक्ट येणाऱ्याला शोधत बसणार नाही. फोन उचलणारा, बॅकअप परत आणू शकणारा माणूस त्याला हवा असतो. अशा माणसाचं नाव मग शेजारच्या बागेतही जातं.

साइट सगळ्यांना वापरता येणं हाही या जबाबदारीचाच भाग. हा मुद्दा मोघम वाटू नये म्हणून एक आकडा देतो. अमेरिकेतली वेबएआयएम ही संस्था दरवर्षी आघाडीच्या दहा लाख साइटची मुखपृष्ठं तपासते. २०२५ च्या तपासणीत त्यांतल्या ९४.८ टक्के पानांवर अपंग वापरकर्त्यांना अडवणारे दोष सापडले. दोष तरी कसले? फिकट अक्षरं, चित्रांना वर्णन नसणं, फॉर्मच्या रकान्यांना नावं नसणं, पानाची भाषा न नोंदवणं. शेवटचा दोष मराठी साइटवर दुहेरी नडतो. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याचं लिहिलं नसेल, तर पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर योग्य आवाज निवडू शकत नाही. शिवाय काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरं हिंदी वळणाची उमटतात. दुरुस्ती एका ओळीची आहे, पण ती राहून जाते. आणि हे आता निव्वळ सौजन्याचं काम राहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि जून २०२५ पासून युरोपीय संघात याविषयीचा कायदा लागू झाला आहे. युरोपला सेवा विकणाऱ्या अनेक क्लायंटना याची माहिती असलेला माणूस लागेल.

दुसरी बाजू कागदाची. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार नोकर नसलेल्याने लिहिलेल्या कोडचा पहिला मालक सहसा लिहिणाराच असतो, आणि सही केलेल्या लेखी कराराशिवाय ती मालकी क्लायंटकडे जात नाही. अनेक क्लायंटना हे ठाऊक नसतं. कोटेशनसोबतच हे स्पष्ट करणारा फ्रीलान्सर साहजिकच जास्त विश्वासाचा वाटतो. वसुलीचंही तेच. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी मोफत आहे, सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही ती करता येते. नोंदणी झालेल्या सूक्ष्म उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करण्याचं बंधन २००६ च्या कायद्यात आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. बिल थकल्यावर व्हॉट्सअॅपवर रोज आठवण करण्यापेक्षा हे बरं.

यावर पहिला आक्षेप असा की छोटा क्लायंट एवढ्या सगळ्याचे पैसे देत नाही. पाच हजारांत साइट करून देणारा कोणीतरी असतोच. असतो. पण एसीच्या आणि पाण्याच्या फिल्टरच्या वार्षिक देखभालीचे (एएमसीचे) पैसे बिनतक्रार भरणारा दुकानदार साइटच्या देखभालीला नकार देतो, कारण ती त्याच्यापुढे तशी कुणी मांडतच नाही. दर महिन्याला काय तपासणार, बिघडल्यास किती तासांत बघणार, हे लिहून दिलं की किमतीची चर्चा बदलते. तरीही काही जण स्वस्ताकडेच जातील; त्यांच्या मागे लागू नये. एआय उद्या हेही करेल, हा आक्षेप मला कमी पटतो. दोष शोधण्यात यंत्राची मदत होईलच, पण माऊस न वापरता अख्खी ऑर्डर पूर्ण होते का हे करून बघणारा आणि चुकल्यास उत्तर देणारा माणूसच लागतो.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे: अनुभव नसलेल्यावर जबाबदारी टाकेल कोण? माझ्या मते शिक्षण संपताच फ्रीलान्सिंगमध्ये उडी घेणं बहुतेकांसाठी चुकीचंच आहे. एखाद्या छोट्या एजन्सीत वर्ष-दोन वर्षं काढावीत. ते जमत नसेल, तर गावातल्या वाचनालयाची साइट मोफत घ्यावी, पण करून सोडून न देता वर्षभर चालवावी. पोर्टफोलिओत दहा नमुना प्रोजेक्टपेक्षा अशी एक चालती साइट जास्त बोलते. हजारो रुपये फी घेणाऱ्या क्लासनीही प्रमाणपत्राआधी एक परीक्षा ठेवायला हरकत नाही: विद्यार्थ्याची साइट मुद्दाम पाडायची आणि बॅकअपवरून ती पुन्हा उभी करायला त्याला एक तास द्यायचा.