पाणी कूस बदलते तेव्हा

सोनगीरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे सासरे अर्धांगवायूमुळे काही महिन्यांपासून अंथरुणाला खिळून आहेत. सारे आयुष्य तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या कामात गेल्यामुळे रिकाम्या हातांचे दुःख त्यांना आजाराहून मोठे वाटते. पुण्यातील मुलाच्या मनात आहे, की त्यांच्या खोलीत प्रवाळ असलेले खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय बसवावे. ‘त्यात म्हणे पाणी घटकेत डावीकडून, घटकेत उजवीकडून वाहते. हे आमच्या गावी जमेल का? आणि त्याचा आजारी माणसाला काही उपयोग होईल का?’ असे त्या विचारतात. असा विचार आपल्यापैकी इतरांच्याही मनात आला असेल, म्हणून उत्तर येथे सविस्तर देत आहे.

उपयोग किती?

मासे पाहून मन निवते, हा अनुभव जुना आहे. त्याला अभ्यासाचाही थोडा आधार आहे. अमेरिकेत ॲरन कॅचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, माशांची टाकी शांतपणे पाहत असताना रक्तदाब कमी झाल्याचे आढळले. २००२ साली नॅन्सी एडवर्ड्स आणि ॲलन बेक यांनी अल्झायमरच्या ६२ रुग्णांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. या रुग्णांच्या भोजनगृहात मत्स्यालये ठेवल्यावर त्यांचे खाणे सुमारे २१ टक्क्यांनी वाढले आणि वजनातही थोडी भर पडली. ताट तसेच परत येण्याची चिंता ज्यांना रोज सतावते, त्यांना या आकड्याचे मोल सांगावयास नको. मात्र मत्स्यालय हे औषध नव्हे. रक्तदाबाची गोळी आणि व्यायामोपचार यांची जागा ते घेत नाही.

प्रवाहाची दिशा का बदलायची?

प्रवाळ हा प्राणी आहे, पण तो एका जागी चिकटलेला असतो. त्याला अन्नाकडे जाता येत नाही की स्वतःच्या मळापासून दूर होता येत नाही. ही दोन्ही कामे त्याच्यासाठी समुद्र करतो. लाट येते तेव्हा अन्न आणि प्राणवायू आणते, परतते तेव्हा घाण वाहून नेते. पाणी स्थिर राहिले तर प्रवाळाच्या अंगालगत पाण्याचा एक पातळ, शिळा थर साचून राहतो. पाणी सतत एकाच बाजूने वाहिले, तर आडोशाच्या बाजूस गाळ बसतो आणि तेथील ऊती मरू लागतात. म्हणून टाकीच्या समोरासमोरच्या बाजूंना दोन पंप बसवून ते आळीपाळीने चालवतात. खाऱ्या पाण्याच्या टाकीत ही पाळी काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी बदलते आणि त्यासाठी खास नियंत्रक लागतो. टाकीतील पाण्याच्या वीसपट किंवा त्याहून अधिक पाणी दर तासाला फिरवावे लागते.

सोनगीरला प्रवाळ नको

माझा सल्ला स्पष्ट आहे: प्रवाळ आणू नका. पहिले कारण कायद्याचे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचा समावेश आहे. आपल्याकडे मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. ते तेथेच शोभतात. दुकानदार ‘चालते हो’ म्हणाला, तरी भुलू नये. दुसरे कारण उन्हाचे. प्रवाळांना साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. खानदेशात वैशाखात पारा चाळिशी सहज ओलांडतो. तेव्हा पाणी थंड ठेवणारे महागडे यंत्र अहोरात्र चालवावे लागेल आणि वीज गेली की सारेच संपले. तिसरे कारण आरोग्याचे. झोआंथिड गटातील काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचे जहाल विष असते आणि टाकी साफ करताना विषबाधा झाल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या गेल्या आहेत.

मग आनंद सोडायचा का? मुळीच नाही. गोड्या पाण्याची शंभर लिटरची टाकी घ्यावी. तीत व्हॅलिस्नेरियासारखी फितीच्या पानांची पाणवनस्पती लावावी आणि झेब्रा डॅनिओसारखे आपल्याच उपखंडातील, उष्णता सोसणारे, वाहत्या पाण्यात रमणारे लहान मासे सोडावेत. प्रवाह बदलला की ती लांब पाने वाऱ्यातल्या ज्वारीसारखी दुसऱ्या बाजूला झुकतात. लांब पंखांचे फायटर मासे मात्र प्रवाहात थकतात, ते टाळावेत.

रचना कशी करावी?

तासाला सुमारे ५०० लिटर पाणी फेकणारे दोन छोटे पंप समोरासमोरच्या काचांवर लावावेत. विजेच्या दुकानात तबकडीचा टायमर मिळतो. त्याच्या कडेला पाव किंवा अर्ध्या तासाच्या खुंट्या असतात. असे दोन टायमर घेऊन पहिला पंप दोन तास चालू व दोन तास बंद, आणि दुसरा नेमका उलट, असे लावावे. पाणी गाळणारा फिल्टर मात्र टायमरवर कधीही लावू नये. तो अखंड चालला पाहिजे.

येथे एक बारकावा आहे. वीज गेली की हे टायमरही थांबतात. दोन्ही एकाच बोर्डावर असतील तर ते एकत्र थांबतील, एकत्र सुरू होतील आणि त्यांची पाळी चुकणार नाही. वेगळ्या बोर्डांवर असतील तर एखाद्या दिवशी दोन्ही पंप एकदम बंद दिसतील. वीज नसतानासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घरात असू द्यावा. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून पंपांचे तोंड किंचित वर ठेवून पृष्ठभाग हलता ठेवावा.

तांब्याचा घात

सोनगीरच्या घरात तांब्या-पितळेची कमतरता नाही. रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेले पाणी सकाळी पिण्याची आपली रीतही जुनी आहे. पण माशांच्या टाकीला या धातूचा स्पर्श होऊ देऊ नये. पाण्यात उतरलेले थोडेसे तांबेही माशांना बाधते. कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ तर त्याने मरतातच. पितळेतही तांबे असतेच. घागर, कळशी, गडू किंवा शोभेची मूर्ती यांपैकी काहीही टाकीत वा टाकीच्या पाण्यात जाऊ नये. त्यासाठी प्लास्टिकची एक बादली वेगळी ठेवावी आणि तिला साबण लावू नये. तांब्याची पारख असलेल्या आजोबांना हे कारण सांगून पाहावे. ‘बादली कोणती घेतली रे?’ असे त्यांनी नातवाला दटावून विचारले, तर घरातले एक काम पुन्हा त्यांच्याकडे आले असे समजा.

पाणी फिरले, कूस बदला

आता या पत्रातील सर्वांत महत्त्वाच्या, पण न विचारलेल्या गोष्टीकडे वळतो. पत्रात कोठेही शय्याव्रणांचा उल्लेख नाही. अंथरुणावरच्या माणसाची अवस्था या बाबतीत प्रवाळासारखी असते. त्याला स्वतःला हलता येत नाही, म्हणून जे हलवायचे ते दुसऱ्याने हलवावे लागते. शरीराचा एकच भाग सतत दाबला गेला की तेथील रक्तप्रवाह मंदावतो, त्वचा लाल होते, मग काळवंडते आणि जखम खोल जाते. माकडहाड, खुबे, टाचा आणि कोपरे ही धोक्याची ठिकाणे आहेत. सर्वसाधारण नियम असा, की दर दोन तासांनी कूस बदलावी. हवेची गादी असल्यास किती अंतराने, हे डॉक्टरांना विचारावे.

टायमर दोन तासांवर लावण्यास मी यासाठीच सांगितले. पाने उलट दिशेला झुकली की आजोबांची कूस बदलायची, अशी खूणगाठ घरात सर्वांनी बांधावी. घड्याळाचा गजर कानाला नकोसा होतो. ही खूण डोळ्यांना सुखावते आणि आजारी माणूसही ती स्वतः ओळखून हाक मारू शकतो. मात्र केवळ तिच्यावर विसंबू नये. तासभर वीज गेली तर खूणही तासभर लांबते, आणि रात्री टाकीचा दिवा बंद असतो. म्हणून भिंतीवरचे घड्याळ आणि उशाशी एक वही हवीच. कूस बदलली की वेळ लिहावी. पूर्ण आडवे न करता पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश कललेले ठेवावे. टाकी पायथ्याच्या बाजूस, निजल्या नजरेच्या उंचीवर असावी, म्हणजे दोन्ही कुशींवरून दिसेल. बोटाने दाबल्यावर न मावळणारा लाल डाग दिसला, तर तो चोळू नये, डॉक्टरांना दाखवावा.

काळजी घेणाऱ्यांसाठी

शंभर लिटरची टाकी काच, वाळू आणि पाणी धरून सव्वाशे किलोंहून जड होते. तिला भक्कम लोखंडी स्टँड हवा. वायरी सॉकेटच्या खालपर्यंत लोंबत्या ठेवाव्यात, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत पोहोचत नाही. विजेचा धक्का टाळणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण बोर्डावर बसवून घ्यावे. पाण्यात हात घालण्यापूर्वी सारी बटणे बंद करावीत. हाताला चीर किंवा जखम असेल तर हातमोजे घालावेत, कारण माशांच्या पाण्यातील काही जंतू त्वचेत चिवट गाठी निर्माण करतात. मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावे. जमिनीवर पडलेले पाणी लगेच पुसावे. म्हातारपणी घसरून पडणे म्हणजे एका अंथरुणाची दोन होणे.

आठवड्यातून एकदा पाचवा हिस्सा पाणी बदलावे. भरलेली बादली कोणी एकट्याने उचलू नये. अर्धी बादली आणि नळी पुरते. हे काम रुग्णाची सेवा करणाऱ्या व्यक्तीवर टाकू नये. मत्स्यालयाची कल्पना ज्याची, त्यानेच त्याचा भारही उचलावा, आणि पुण्याहून तो दर आठवड्याला येऊ शकणार नसेल तर गावातील एखाद्या होतकरू मुलाला महिना ठरवून द्यावा.

आणि भगिनी, दोन तासांची ही पाळी दिवसरात्र एकट्याने सांभाळता येत नाही. दोन पंप आलटून पालटून विसावतात. घरातही किमान दोन जणांनी रात्री वाटून घ्याव्यात. टाकी विकत घेण्याआधी ही वाटणी कागदावर लिहून भिंतीला लावा. ती ठरत नसेल, तर टाकीचे पैसे तूर्त रात्रीच्या मदतनीस बाईसाठी राखून ठेवा. मासे पुढच्या वर्षीही मिळतील.