बत्तीस दातांची एएमसी

आपल्याकडे केस पिकतात, चष्मा लागतो आणि दात पडतात. तिन्ही गोष्टी एकाच टोपलीत! "वय झालं आता, दात हलायचेच" हे वाक्य मी आमच्या शिरढोणात इतक्यांदा ऐकलंय की ते गावाच्या पाटीवर लिहायला हरकत नाही. माझं स्पष्ट मत असं, की हे वाक्य खोटं आहे आणि वर महागातही पडतं.

शिरढोण म्हणजे पनवेलहून गोवा हायवेला लागलात की पळस्पे फाट्याच्या पुढे, कर्नाळ्याच्या अलीकडे. वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव म्हणून तुम्ही नाव ऐकलं असेल. इथे माझ्या आईच्या वयाच्या बायका जेवताना जरा नीट बघा. भाकरी आमटीत बुडून मऊ झाल्याशिवाय तोंडात जात नाही. पेरूच्या पातळ फोडी करायच्या, त्याही एकाच बाजूने चावायच्या. चणे-दाणे नातवंडांना. हसताना पदर तोंडाशी. तक्रार मात्र कुणाचीच नाही. का, तर दुखत नाही!

दुखत नाही हीच तर खरी गोची आहे. दातांवर रोज एक चिकट थर बसतो. तो ब्रशने निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे काही दिवसांत दगडासारखा कडक होतो. हेच कीटण. मग ते ब्रशला दाद देत नाही, डेंटिस्टनेच काढावं लागतं. त्याच्या आडोशाने जंतू हिरडीखाली उतरतात, हिरडी सुजते, रक्त येतं. इथपर्यंत सगळं पूर्ववत होऊ शकतं. पुढे हिरडी दातापासून सुटते, मागे सरकते आणि आतलं हाड झिजायला लागतं. ते हाड सहसा परत येत नाही. पाया खचला की खांब हलणारच. मधुमेह असेल तर हे सगळं वेगाने होतं, आणि हिरड्यांची सूज साखरही ताब्यात येऊ देत नाही. म्हणजे दोन्हीकडून मार.

म्हणून हा 'वयाचा परिणाम' नाही, आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात १०० कोटींहून जास्त लोकांना तो गंभीर स्वरूपात आहे.

त्यात आपल्याकडे मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दातांवर घासायची. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मधे बंदी केली. पण घरच्या तव्यावर बंदी कोण घालणार? शिवाय घासणारीला ती दात 'घट्ट' करणारी वाटते. प्रत्यक्षात तंबाखू जिथे रोज लागते तिथलीच हिरडी मागे सरकते.

आता आपल्या लॅपटॉपवाल्या मंडळींच्या जिव्हाळ्याचा विषय: मेडिक्लेम. आईच्या हिरड्यांवर छोटी शस्त्रक्रिया झाली, बिल १८,००० रुपये. कंपनीच्या पॉलिसीत आई-वडील दोघंही आहेत, हप्ता दर वर्षी पगारातून कापला जातो. क्लेम टाकला तर उत्तर एका ओळीचं: ओपीडी उपचार, देय नाही. पेशंट रात्रभर भरती नव्हता ना! २०२० मधे सगळ्या कंपन्यांना विकायला लावलेल्या 'आरोग्य संजीवनी' पॉलिसीत दातांच्या उपचारांचा उल्लेख आहे, पण तोही भरती झालात तरच. हलणाऱ्या दातासाठी भरती कोण होतं हो?

हे फक्त आपलंच रडगाणं नाही. अमेरिकेने १९६५ मधे म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणलं, त्यातून नेहमीचे दंतोपचार वगळले. ब्रिटनने १९४८ मधे कवळ्यासुद्धा फुकट दिल्या, पण १९५१ मधे त्यांवर पैसे लावले. ज्या मंत्र्याने ती आरोग्यसेवा उभी केली त्या अन्यूरिन बेव्हनने त्यावरून राजीनामा दिला! सरकारं असोत की कंपन्या, शरीराचा हिशोब मांडताना तोंड बाहेरच राहतं.

थोडं इंजिनिअरसारखं बघितलं तर कारण कळतं. विमा असतो अचानक आणि क्वचित घडणाऱ्या गोष्टींसाठी. अपघात, आग, हार्ट अटॅक. हिरड्यांचं दुखणं हळू येतं आणि बहुतेकांच्या घरी येतं. ते विम्याच्या व्याख्येत नीट बसतच नाही. ते बसतं मेंटेनन्सच्या व्याख्येत. आपण पाण्याच्या फिल्टरची एएमसी काढतो, एसीची काढतो, बाईक सर्व्हिसिंगला न चुकता टाकतो. आईच्या दातांची एएमसी कोणी काढलीय?

साधा हिशोब करू. पनवेलसारख्या ठिकाणी दातांच्या साफसफाईला एका वेळी साधारण १,००० ते २,००० रुपये. वर्षातून दोनदा धरली तर दहा वर्षांचे होतात ३०,००० च्या आसपास. तेवढ्यात जेमतेम एक इम्प्लांट येतं. एक! बाकीचे एकतीस?

"साफ केलं की दात सैल होतात" हा एक लाडका गैरसमज. कीटण निघाल्यावर आधीच पडलेली फट उघडी दिसते, इतकंच. आणि ज्यांचे दात हलायला लागलेत त्यांनीही लगेच कवळीची स्वप्नं बघायला नकोत. हिरडीखालची खोल सफाई, गरज पडली तर छोटी शस्त्रक्रिया, शेजारच्या दातांशी तारेने बांधून आधार देणं, असे उपाय आहेत. सगळे दात वाचत नाहीत, पण बरेच वाचतात.

पैशांची अडचण असेल तर डेंटल कॉलेज गाठा. शिरढोणहून मुंबईला जाताना कामोठ्याला एमजीएमचं आहे, खारघर-नेरूळला आहेत, मुंबईत सीएसएमटीजवळ सरकारी आणि मुंबई सेंट्रलला नायरचं. हिरड्यांचा वेगळा विभाग असतो. काम विद्यार्थी करतात, प्राध्यापक डोक्यावर उभे असतात. वेळ जातो, खेपा होतात, पण खर्च बराच कमी. विद्यार्थी हात शिकतायत म्हणून नाक मुरडू नका. आपणही कोणाच्या तरी प्रोजेक्टवरच शिकलो ना? :)

आणि एक काम ऑफिसमधे. पॉलिसी रिन्यूअलच्या आधी एचआरला ग्रुपने मेल टाका, की आई-वडिलांसाठी ओपीडी डेंटल हवं. थोडा जास्त हप्ता पडेल, पडू दे. जिमच्या मेंबरशिपसाठी आपण भांडतोच की.

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपल्या आई-वडिलांच्या पिढीला अगदी शब्दशः लागू होतेय. त्यांना दात होते तेव्हा घरात पगाराची ओढाताण होती. आता चणे आपण आणतोय.

तेव्हा या रविवारी जेवताना एकच प्रश्न विचारा: "आई, भाकरी कुठल्या बाजूने चावतेस?" उत्तर द्यायला ती थांबली, तर सोमवारची अपॉइंटमेंट घ्या.