खेळ थांबविण्याचा अधिकार कोणाचा?

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये २०२६ सालापासून उष्णतेविषयीचा एक नियम अमलात आला आहे. तीन सेटांच्या एकेरी सामन्यात पहिल्या दोन सेटांच्या काळात 'वेट बल्ब ग्लोब' तापमान ३०.१ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक झाले, तर दोघांपैकी कोणाही खेळाडूला दुसऱ्या सेटनंतर दहा मिनिटांची विश्रांती मागता येते. ते ३२.२ अंशांच्या पुढे गेले तर खेळच थांबविला जातो. स्त्रियांच्या व्यावसायिक संघटनेने उष्णतेविषयीचा आपला नियम १९९२ मध्येच केला होता. पुरुषांना त्यासाठी आणखी चौतीस वर्षे थांबावे लागले. पुरुषांच्या अंगाला ऊन कमी लागते असा वैद्यकशास्त्राचा काही निष्कर्ष नाही. तेव्हा ह्या चौतीस वर्षांच्या विलंबाचे कारण हवामानशास्त्रात न शोधता ह्या धंद्यातील मालक-श्रमिक संबंधांत शोधले पाहिजे.

प्रथम ह्या मापाविषयी. सावलीत ठेवलेला तापमापक जे सांगतो ते अपुरे असते. माणसाचे शरीर थंड होते ते घाम सुकल्यामुळे, आणि हवा दमट असेल तर घाम सुकत नाही. म्हणून ह्या मापात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाला सात दशांश, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोलातील तापमापकाला दोन दशांश आणि साध्या तापमापकाला एक दशांश महत्त्व दिले जाते. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या नौसैनिक दलाने हे माप प्रथम वापरात आणले, ते पॅरिस आयलंड येथील प्रशिक्षण तळावर रंगरूट उष्माघाताने आडवे होऊ लागले म्हणून. सैन्याला जे सत्तर वर्षांपूर्वी उमगले, ते टेनिसच्या चालकांना ठाऊक नव्हते असे मानता येणार नाही.

मेलबर्न येथे जानेवारी २०१४ मध्ये जे घडले ते ह्या दृष्टीने विस्ताराने पाहण्यासारखे आहे. १४ ते १७ जानेवारी असे सलग चार दिवस त्या शहराचे तापमान ४१ अंशांच्या वर राहिले, आणि नेमकी त्याच आठवड्यात ऑस्ट्रेलियन ओपन चालू होती. कॅनडाचा फ्रँक डान्सेविच हा जागतिक क्रमवारीत शंभराच्या पलीकडचा खेळाडू पहिल्याच फेरीत मैदानावर बेशुद्ध पडला. पडण्यापूर्वी आपल्याला व्यंगचित्रातील स्नूपी नावाचा कुत्रा समोर दिसू लागला होता, असे त्याने नंतर सांगितले. तो उठला, सामना पुरा केला आणि हरला. अशा परिस्थितीत खेळविणे अमानुष आहे असे त्याचे म्हणणे होते. चीनची पेंग श्वाई ओकाऱ्या आणि पायांतील गोळे ह्यांनी हैराण झाली. डेन्मार्कच्या कॅरोलिन वॉझ्नियाकीने खाली ठेवलेली पाण्याची प्लॅस्टिकची बाटली तळाशी वितळली. आणि चेंडू वेचणारा एक मुलगा सामना चालू असतानाच कोसळला. त्याच्या मदतीला प्रथम धावला तो तेथे खेळत असलेला स्पॅनिश खेळाडू.

चालकांचे उत्तर काय होते? बहुतेक सामने वैद्यकीय मदतीवाचून पार पडले, हे पहिले. दुसरे अधिक मासलेवाईक. माणसाची उत्क्रांती आफ्रिकेच्या पठारावर भर उन्हात तासन्‌तास हरणांचा पाठलाग करीत झालेली आहे, असे स्पर्धेच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने बीबीसीला सांगितले. त्या आदिमानवाने पाठलागाची वेळ दूरचित्रवाणी कंपनीशी ठरविलेली नव्हती आणि दमल्यावर झाडाखाली बसण्यास त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती, एवढा फरक त्यांच्या ध्यानी आला नसावा.

त्या वर्षी खेळ थांबविण्याचा निर्णय स्पर्धेच्या मुख्य पंचाच्या विवेकावर सोपविलेला होता. १६ जानेवारीला अखेर तो थांबविण्यात आला. परंतु चालू सेट पुरा झालाच पाहिजे असा दंडक असल्याने मारिया शारापोव्हा आणि इटलीची कारिन क्नाप ह्यांना मध्यवर्ती मैदानावर उघड्या छपराखाली खेळत राहावे लागले. शेवटच्या सेटमध्ये तेव्हा टायब्रेक नव्हता. तो सेट १०-८ असा संपला तेव्हा सामना साडेतीन तासांच्या घरात गेला होता. डोक्यावर सरकते छप्पर होते; ते मिटविण्याची यंत्रणाही होती. ते मिटवावे की नाही हे उन्हात उभ्या असलेल्या दोघींना ठरविता येत नव्हते.

छपराचा हा विषय वाटतो तितका किरकोळ नाही. मेलबर्नच्या तीन मोठ्या प्रेक्षागारांवर आज सरकती छपरे आहेत. २०१९ पासून तेथे तापमान, आर्द्रता, उन्हाची धग आणि वारा हे चारही घटक मोजून एक ते पाच अशी श्रेणी लावली जाते, आणि ती पाचावर गेली की खेळ थांबतो. ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे, तिचे स्वागतच केले पाहिजे. तथापि छपरे मिटवून मोठ्या मैदानांवरील सामने पुढे चालू राहतात, आणि ह्या मैदानांवर कोण खेळतो? ज्यांच्या नावावर तिकिटे खपतात ते मानांकित खेळाडू. बाहेरच्या उघड्या मैदानांवर असतात ते पात्रता फेरीतून आलेले, क्रमवारीत खालचे, अनोळखी. पाचापर्यंत श्रेणी चढेतो ऊन सोसायचे ते त्यांनी. सावलीचीही अशी वर्गवार वाटणी झालेली आहे.

त्यानंतरच्या घटना भराभर सांगता येतील, कारण त्यांत पुनरावृत्तीच अधिक आहे. न्यूयॉर्कमध्ये ऑगस्ट २०१८ च्या एकाच दिवशी पाच पुरुष खेळाडूंनी सामने अर्धवट सोडले, त्यांतील बहुतेकांनी उष्णतेमुळे. तेव्हा कुठे अमेरिकन ओपनच्या चालकांनी पुरुषांना तिसऱ्या सेटनंतर दहा मिनिटे देऊ केली. त्या दहा मिनिटांत नोव्हाक जोकोविच आणि त्याचा हंगेरियन प्रतिस्पर्धी शेजारी शेजारी बर्फाच्या टबांत बसून होते! टोकियो ऑलिम्पिकमध्ये २८ जुलै २०२१ रोजी पंचाने रशियाच्या दानिल मेदवेदेवला खेळता येईल काय असे विचारले. सामना पुरा करीन, पण मेलो तर जबाबदारी कोण घेणार, असा प्रतिप्रश्न त्याने केला. त्याच दिवशी स्पेनची पाउला बादोसा चाकाच्या खुर्चीवरून मैदानाबाहेर नेली गेली. खेळ उशिरा सुरू करा ही खेळाडूंची मागणी त्याआधीच येऊन पडलेली होती. ती दुसऱ्या दिवसापासून अमलात आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये शांघायच्या दमट हवेत यानिक सिनरला पायांत गोळे येऊन सामना सोडावा लागला, जोकोविच मैदानावर ओकला, आणि कोणी मैदानावर मरावे अशी तुमची इच्छा आहे काय, असे डेन्मार्कच्या होल्गर रूनने अधिकाऱ्याला विचारले. नवा नियम आला तो ह्यानंतर दोन-अडीच महिन्यांत.

टोकियोचे उदाहरण आणखी एका कारणासाठी बोलके आहे. त्याच शहरात १९६४ चे ऑलिम्पिक ऑक्टोबरात झाले होते. २०२० च्या स्पर्धेसाठी मात्र आंतरराष्ट्रीय समितीने १५ जुलै ते ३१ ऑगस्ट हीच मुदत घातली होती, आणि यजमानपद मिळविण्याच्या अर्जात जपानने त्या दिवसांतील हवेचे वर्णन खेळाडूंना आदर्श असे केले होते. ऑक्टोबरात अमेरिकन दूरचित्रवाणीचे पडदे त्यांच्या देशी खेळांनी व्यापलेले असतात. २०२१ ते २०३२ ह्या काळातील ऑलिम्पिकच्या अमेरिकेतील प्रक्षेपणहक्कांसाठी एका कंपनीने २०१४ मध्ये ७६५ कोटी डॉलर्स मोजण्याचा करार केलेला होता. मॅरेथॉन उत्तरेकडील साप्पोरोला हलविता आली. टेनिसचे स्टेडियम हलविता आले नाही, आणि तारखा हलविण्याचा तर प्रश्नच उद्भवला नाही.

ह्यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो पुरोगामी वर्तुळातही ऐकू येतो. कोट्यधीश खेळाडूंच्या घामासाठी समाजवाद्यांनी अश्रू का ढाळावेत? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण अव्वल दहा-वीस जणांची मिळकत पाहून सबंध व्यवसायाचा निवाडा करणे म्हणजे चित्रपटनटांचे मानधन पाहून स्टुडिओतील कामगारांची स्थिती ठरविण्यासारखे आहे. टेनिसपटू कायद्याने कोणाचा नोकर नसतो. तो 'स्वतंत्र कंत्राटदार' असतो. त्याला पगार नाही. प्रवास, मुक्काम, प्रशिक्षक हा बव्हंशी त्याचाच खर्च. तो खेळला नाही तर बक्षीस नाही, क्रमवारीचे गुण नाहीत, आणि गुण नाहीत तर पुढच्या स्पर्धेत प्रवेश नाही. डान्सेविच पडला त्या वर्षी मेलबर्नला पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही ३० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर्स मिळत होते. शंभराच्या पलीकडील खेळाडूच्या वर्षाच्या जमाखर्चात ही रक्कम मोठी असते. अशा माणसाला 'झेपत नसेल तर सोडून दे' असे सांगणे हे उक्तीला स्वातंत्र्य आहे, कृतीला नाही.

किंबहुना सोडून देण्याचीही किंमत लावण्यात आली. २०१८ पासून ग्रँड स्लॅम स्पर्धांत असा नियम आहे की पहिल्या फेरीपूर्वी आजारामुळे माघार घेणाऱ्याला निम्मे बक्षीस मिळावे. परंतु जो उतरला आणि व्यावसायिक दर्जाचे खेळला नाही, त्याला पहिल्या फेरीच्या संपूर्ण बक्षिसाइतका दंड होऊ शकतो. त्याच वर्षी मेलबर्नला आजारी असताना उतरून सामना सोडणाऱ्या मिशा झ्वेरेव्हला ४५ हजार डॉलर्सचा दंड झाला. नियमाचा पहिला अर्धा भाग न्याय्य आहे. दुसऱ्याने शरीराची हाक ऐकायची की हिशेबाची, हा पेच खेळाडूपुढे उभा केला. त्यात काही बळकट खेळाडूंना विश्रांतीच नको असते, कारण प्रतिस्पर्ध्याचा थकवा हे त्यांचे भांडवल असते. श्रमिकांना एकमेकांविरुद्ध उभे करणे कारखानदाराला मुद्दाम करावे लागते. येथे तर तोच खेळ आहे.

प्रेक्षागाराचे अर्थशास्त्रही ह्याच दिशेने ढकलते. मेलबर्न आणि न्यूयॉर्क येथे दिवसाच्या सत्राची आणि रात्रीच्या सत्राची तिकिटे वेगळी विकली जातात. म्हणजे एकाच मैदानावर दोन पाळ्या चालतात. दुपार गाळली तर पहिली पाळी बुडते. यंत्र रिकामे राहू नये म्हणून माणसांच्या पाळ्या लावण्याची रीत मार्क्सने 'कॅपिटल'च्या पहिल्या खंडात कामाच्या दिवसाच्या प्रकरणात तपशीलवार मांडली आहे. उन्हाची किंमत शरीराने भरायची आणि पाळीचे उत्पन्न चालकांकडे जायचे, हा हिशेब त्या वाचकाला नवा वाटणार नाही.

मग खेळाडूंची संघटना काय करीत होती? येथेच ह्या सर्व प्रकरणाची मेख आहे. पुरुष खेळाडूंची एटीपी ही संघटना १९७२ मध्ये स्थापन झाली ती खरोखरीच कामगार संघटनेच्या बाण्याने. डेव्हिस कपच्या सामन्यात खेळला नाही म्हणून निकोला पिलिच ह्याला युगोस्लाव्ह टेनिस संघटनेने निलंबित केले (समाजवादी म्हणविणाऱ्या देशाची संघटना, हेही नोंदवून ठेवावे), आणि त्याच्यासाठी १९७३ मध्ये ८१ खेळाडूंनी विम्बल्डनवर बहिष्कार टाकला. आदल्या वर्षीचा विजेता स्टॅन स्मिथसुद्धा त्यांत होता. एका सहकाऱ्यासाठी आपले विजेतेपद सोडणारा विजेता हे दृश्य व्यावसायिक खेळांत विरळाच दिसते. पुढे १९९० मध्ये ह्याच संघटनेने स्पर्धांच्या मालकांशी भागीदारी केली आणि सबंध दौराच आपल्या हाती घेतला. संचालक मंडळात तेव्हापासून निम्मे प्रतिनिधी खेळाडूंचे आणि निम्मे स्पर्धांच्या मालकांचे. त्या वेळी हा विजय मानला गेला, आणि बक्षिसांच्या रकमा वाढल्या हेही खरे. परंतु विश्रांतीची मागणी ज्याच्याकडे करायची तो आणि जिने करायची ती संघटना, ही दोन्ही एकाच टेबलाभोवती बसली. २०२० मध्ये जोकोविच आणि वासेक पॉस्पिसिल ह्यांनी निराळी खेळाडू संघटना काढली आणि तिने मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात टेनिसच्या सर्व नियामक संस्थांवर दावा गुदरला. तक्रारींत कडक उन्हात खेळविण्याचाही समावेश होता. नवा नियम शांघायच्या घटनांनी घडविला की ह्या दाव्याने, हा वाद निष्फळ आहे. दबाव बाहेरून आला, एवढे स्पष्ट आहे.

गिरणगावाचा इतिहास जाणणाऱ्याला ह्यात ओळखीचे काही दिसेल. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांनी सह्या केलेल्या निवेदनात रविवारच्या सुट्टीच्या जोडीला दुपारी अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणी होती. रविवारची सुट्टी मिळण्यास १८९० उजाडले.

नव्या नियमाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पूर्वी जी पंचाची मेहेरबानी होती ती आता मोजता येणाऱ्या आकड्याशी बांधली गेली, आणि विश्रांती मागण्याचा हक्क खेळाडूच्या हाती आला. दहा मिनिटे पुरतीलच असे मात्र नाही. २०१८ च्या मेलबर्नमधील अंतिम सामन्यात सिमोना हालेपला तिसऱ्या सेटपूर्वी तेवढी विश्रांती मिळाली होती, तरी सामन्यानंतर तिला काही तास रुग्णालयात काढावे लागले. शिवाय नियम वेळापत्रकाला हात लावीत नाही. स्पर्धा कोणत्या महिन्यात, कोणत्या शहरात, किती वाजता, हे पूर्वीप्रमाणेच विक्रीच्या सोयीने ठरणार.

कतारने २०२१ मध्ये मजुरांसाठी केलेल्या नियमात ह्याच मापाचा आकडा ३२.१ अंश धरला आहे. त्यापुढे उघड्यावरचे काम, वेळ कोणतीही असो, थांबविले पाहिजे. २०२२ चा फुटबॉल विश्वचषक तेथे उन्हाळ्यातून नोव्हेंबर-डिसेंबरात नेण्याचे २०१५ मध्येच ठरले होते, कारण खेळाडूंना ऊन सोसणार नाही हे सर्वांना पटले होते. ती स्टेडियमे बांधणाऱ्या नेपाळी, भारतीय आणि बांगलादेशी मजुरांसाठी हा आकडा ठरायला त्यानंतर सहा वर्षे लागली. मेलबर्नला चेंडू वेचणारी मुले तर स्वयंसेवक गणली जातात, आणि त्यांच्या हाती विश्रांती मागण्याचा हक्क देणारे कलम टेनिसच्या नव्या नियमात नाही.