ज्ञानाच्या तळ्यावर पहारा कोणाचा?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तळे सार्वजनिकच होते, पण अस्पृश्यांना मज्जाव होता. आज संशोधनाच्या तळ्यावरही पहारा आहे. तो जातीच्या नावाने नाही, पैशाच्या नावाने आहे. पण बाहेर कोण राहतो, ते पाहा!

आधी झालेले काम वाचल्याशिवाय कोणताही शास्त्रज्ञ पुढे जाऊ शकत नाही. संगणकावर विषय शोधला की शोधनिबंधाचे शीर्षक आणि सारांश फुकट दिसतो. पूर्ण निबंध उघडायला गेले की बहुतेक वेळा पैसे मागितले जातात. यातले बरेच संशोधन जनतेच्या करातून होते. निबंध लिहिणाऱ्याला मानधन नाही, तो तपासणाऱ्या तज्ज्ञालाही सहसा नाही. मालकी मात्र प्रकाशन कंपन्यांची!

ज्याच्या विद्यापीठाने वर्गणी भरली, तो वाचतो. बाकीचे लेखकाला ई-मेल करून प्रत मागतात किंवा मोठ्या संस्थेतील मित्राची मनधरणी करतात. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी २०११ साली सुरू केलेले ‘साय-हब’ अशांचा आधार झाले. एल्सेव्हिअर, वायली आदी प्रकाशक त्याविरुद्ध २०२० साली दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते भारतात बंद करण्याचा आदेश दिला. कायदा कंपन्यांच्या बाजूने असेल. पण मग गरीब संशोधकाने वाचायचे कुठे?

केंद्राने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. पाऊल स्वागतार्ह आहे. पण मंजूर योजना सरकारी व्यवस्थापनाखालील संस्थांपुरतीच आहे. तालुक्याच्या गावी खासगी संस्थेच्या महाविद्यालयात शिकणारी, घरातली पहिली पदवीधर असलेली आपली मुले कोणत्या यादीत आहेत?

बाबासाहेब लंडनच्या ग्रंथालयांत तासन्‌तास बसले, म्हणून १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ जगासमोर आला. त्यांना ग्रंथालयाचे दार उघडे मिळाले होते. तेच दार आपल्या मुलांना हवे. म्हणून दोन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. प्रत्येक मान्यताप्राप्त महाविद्यालय या योजनेत घ्या आणि सरकारी पैशातून झालेले संशोधन सर्वांना मोफत खुले करा. शिष्यवृत्ती द्यायची आणि वाचायला काही द्यायचे नाही, याला सामाजिक न्याय म्हणत नाहीत!