प्राचीन अस्थींची साक्ष आणि आपले दावे

संधिगत वातावरील तेले आणि गुग्गुळकल्प यांच्या माहितीपत्रकांवर एक विधान वारंवार आढळते: आपल्या पूर्वजांना सांधेदुखी ठाऊक नव्हती, हा आधुनिक राहणीचा रोग आहे. चिकित्सालयात रुग्णासमोरही आपल्यापैकी अनेक जण तेच सांगतात. हे विधान कानाला गोड लागते. परंतु ते सत्य नाही, आणि त्याची साक्ष उत्खननात मिळालेले मानवी सांगाडे देतात.

तरुणास्थी मृत्यूनंतर नष्ट होते, अस्थी मात्र टिकते. सांध्यात हाडावर हाड घासून आलेली हस्तिदंतासारखी चकाकी आणि सांध्याच्या कडेने वाढलेले अस्थिकंटक सहस्रावधी वर्षांनंतरही ओळखता येतात. फ्रान्समधील ला शापेल-ओ-सँ येथे १९०८ साली सापडलेल्या निअँडरथल पुरुषाच्या सांगाड्यात संधिविकृती स्पष्ट दिसते. आपल्याकडे उत्तर प्रदेशातील प्रतापगड जिल्ह्यातील महदहा येथील मध्याश्मयुगीन सांगाड्यांतही सांध्यांच्या झिजेच्या खुणा नोंदविल्या गेल्या आहेत. त्या काळी ना खुर्ची होती, ना मोटारसायकल. शिवाय वायूने भरलेल्या पखालीसारखा स्पर्श असलेला, प्रसरण-आकुंचनाच्या वेळी वेदना देणारा संधी चरकाचार्यांनी वर्णिला आहे. जो रोग अस्तित्वातच नव्हता, त्याचे इतके नेमके लक्षण ते कशाच्या आधारे लिहिणार?

महाराष्ट्रापुरते पाहू. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या जोर्वे संस्कृतीच्या शेतकरी वस्तीतील दफनांपैकी बहुसंख्य बालकांची आहेत. दोन कुंभ तोंडाशी तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरलेली. संधिगत वात हा मुख्यतः उतारवयाचा रोग. ज्या समाजात इतकी मुले दगावत, तेथे उतारवय गाठणारेच थोडे. तेव्हा असे सांगाडे कमी मिळणे म्हणजे रोगाचा अभाव नव्हे. दुसरी गोष्ट, तेथील बहुतेक प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडून मग दफन केलेले आढळते. वातरक्त प्रायः पायाच्या अंगठ्यापासून सुरू होते; मग पायच नसलेल्या सांगाड्यात ते शोधायचे कोठे? ‘आढळले नाही’ आणि ‘नव्हते’ यांतील हा भेद आपण लक्षात ठेवला पाहिजे.

याच वस्तीच्या उत्तरकालीन बालकांच्या अस्थींचा अभ्यास करून ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी बालकांची वाढ खुंटल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला आहे. रूक्ष आणि अल्प अन्न व त्यातून होणारा धातुक्षय ही वातप्रकोपाची कारणे आपल्या संहितांत आहेतच.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतील सांगाड्यांवरून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पन्नाशी ओलांडलेल्यांच्या गुडघ्यांची तुलना केली आहे. गुडघ्याची झीज प्रागैतिहासिक सांगाड्यांत सुमारे ८ टक्के, औद्योगिक युगाच्या आरंभी सुमारे ६ टक्के, तर त्यानंतरच्या काळात १६ टक्के आढळली. आणि ही वाढ केवळ वय व वजन यांनी स्पष्ट होत नाही. म्हणजे आधुनिक राहणीचा काही वाटा असू शकतो. परंतु ‘रोग वाढला’ म्हणणे वेगळे आणि ‘रोग पूर्वी नव्हता’ म्हणणे वेगळे.

हा भेद केवळ विद्वत्तेचा नाही. नेर परिसरात आमच्याकडे गुडघे आणि कंबर धरून येणारे बहुसंख्य रुग्ण कापूस वेचणाऱ्या, निंदण करणाऱ्या, डोक्यावर ओझे वाहणाऱ्या स्त्रिया आणि फवारणीचा पंप पाठीवर घेणारे शेतमजूर आहेत. त्यांना ‘आधुनिक राहणी सोडा’ असे सांगून काय साधणार? त्यांची राहणी इनामगावच्या शेतकऱ्याला फारशी परकी वाटली नसती. त्यांच्या निदानपंचकात अतिव्यायाम, भारवहन, अभिघात आणि अल्पाशन यांचीच विचारपूस आधी व्हावयास हवी. स्नेहन-स्वेदनाबरोबर ओझे कमी कसे करावे, बसून काम कसे करावे आणि आहारात काय वाढवावे, हे सांगणे हीसुद्धा चिकित्साच होय.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत ऱ्हुमॅटिझमचा समावेश आहे. तो बरा करण्याची जाहिरात त्या कायद्यात बसत नाही. ‘पूर्वी नसलेला रोग मुळासकट घालवू’ या आश्वासनाने रुग्णाची अपेक्षा अवास्तव वाढते. आठ दिवसांत गुण न आल्यास तो बिननावाच्या पुडीकडे वळतो. आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइडची भेसळ आढळल्याची उदाहरणे आपणा सर्वांना ठाऊक आहेत. दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड अस्थी पोकळ करते, मांडीच्या हाडाचे डोके मृत करते. तीही खूण हाडावर राहतेच.

आयुर्वेदाचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी निरोगी भूतकाळ कल्पिण्याची गरज नाही. आपल्या आचार्यांनी रोगी माणसे पाहिली, त्यांचे निरीक्षण केले आणि उपाय शोधले, यातच त्यांचे मोठेपण आहे. म्हणून ‘पूर्वजांना सांधेदुखी नव्हती’ हे वाक्य आपल्या माहितीपत्रकांतून काढून टाकावे आणि त्या जागी ‘हा रोग पुरातन आहे, वेळीच काळजी घेतल्यास त्रास कमी होऊ शकतो’ असे लिहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.